करडा की निळसर करडा?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची खोली रंगवायची ठरली आणि रंग निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी विज्ञान शिकवतो, दहावीला प्रकाशाची प्रकरणं घेतो, तेव्हा रंगातलं मला कळत असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही धरून चाललो. पैसे माजी विद्यार्थ्यांनी जमवलेले होते. पुन्हा रंग लागायला आठ-दहा वर्षं सहज जाणार होती, म्हणून आम्ही चौघांनी व्हरांड्यात टेबल मांडून शेडकार्ड नीट पाहिलं. दोन चौकोन शेजारीशेजारी होते. एक साधा करडा, दुसरा उघडच निळसर करडा. निळसर नको, साधा करडा घ्यायचा, यावर चौघांचं एकमत झालं.

चौथ्या दिवशी पेंटरकाकांनी आम्हाला खोली पाहायला बोलावलं. खोली निळी होती. गडद निळी नव्हे, पण पावसाळ्याच्या तोंडावर आभाळ दिसतं तशी निळसर. "हा तर कार्डावरचा पलीकडचा चौकोन!" खजिनदार म्हणाले. डबा चुकला असणार हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि मी मान डोलावली. मजुरीची अर्धी रक्कम अडवून ठेवली गेली. तीस वर्षं ब्रश हातात धरलेले काका एवढंच म्हणाले, "सर, डबा तोच आहे. तुमच्या खोलीने रंग बदललाय." मला ती सबब वाटली.

दोन दिवसांनी काका उरलेला डबा घेऊन आले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी दोन हात मारले, वाळू दिले आणि कागद व्हरांड्यात माझ्या हातात ठेवला. शेजारी शेडकार्ड धरलं. तंतोतंत साधा करडा! मग तोच कागद त्यांनी ग्रंथालयात नेऊन भिंतीला टेकवला. कागदाची कड कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते सांगता येईना. कागदही निळा झाला होता.

पैसे त्याच दिवशी दिले, माफीही मागितली. पण हे घडलं कसं, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस पुरला. त्याचं उत्तर शोधताना पाठ्यपुस्तकातल्या निदान चार प्रकरणांतून जावं लागतं, म्हणून हा लेख.

करडा म्हणजे काय?

४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यानच्या सगळ्या तरंगलांबी एखादा पृष्ठभाग सारख्याच प्रमाणात परावर्तित करत असेल, तर तो आपल्याला रंगहीन दिसतो. जवळजवळ सगळा प्रकाश परत आला तर पांढरा, जवळजवळ काहीच आला नाही तर काळा, आणि मधलं सगळं करडं. यात गंमत अशी, की 'मधला' करडा अर्धा प्रकाश परत पाठवत नाही. पांढऱ्या आणि काळ्याच्या बरोबर मध्यावरचा वाटणारा करडा प्रत्यक्षात फक्त १८ ते २० टक्के प्रकाश परावर्तित करतो. डोळ्याची मोजपट्टी सरळ रेषेत चालत नाही.

ही गोष्ट व्यवस्थित मांडणारा माणूस एक शिक्षकच होता. अमेरिकेत बॉस्टनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगांना नावांऐवजी पत्ता देण्याची पद्धत मांडली. पत्त्याचे भाग तीन : रंग कोणत्या कुळातला (लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि त्यांच्या मधले), तो किती उजळ (काळा ० ते पांढरा १०), आणि राखाडीपासून किती दूर. आपला साधा करडा आणि निळसर करडा यांच्यातला फरक फक्त या तिसऱ्या आकड्यात असतो, आणि तो जेमतेम एका पायरीचा असतो.

एका पायरीला एवढं महत्त्व का? कारण राखाडीच्या आसपास डोळा अतिशय चोखंदळ असतो. भडक लाल रंगाचे दोन नमुने थोडे वेगळे असले तर आपण सहज खपवून घेतो. पण तेवढाच फरक दोन करड्यांत असला तर एक हिरवट आणि एक गुलाबी दिसतो. रंगांतला फरक मोजण्यासाठी 'सीआयई' ही प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय संस्था जी सूत्रं वापरते, त्यांतही ही गोष्ट मुद्दाम धरलेली आहे : रंग जितका राखाडीजवळ, तितकी चालवून घेण्याजोगी चूक कमी. म्हणून करडा निवडणं हे लाल किंवा पिवळा निवडण्यापेक्षा अवघड काम आहे. मी ते सोपं समजलो होतो.

पहिला संशयित : खिडकी

आमच्या ग्रंथालयाला तिन्ही खिडक्या उत्तरेला आहेत. उत्तरेकडून खोलीत येतो तो बहुतेक वेळ सूर्याचा थेट प्रकाश नसतो, आभाळाचा असतो. आभाळ निळं का, हे आपण शिकवतोच : हवेतले रेणू लांब तरंगलांबीपेक्षा आखूड तरंगलांबीचं विकिरण कितीतरी जास्त करतात. तो विखुरलेला निळा प्रकाशच उत्तरेच्या खिडकीतून आत येतो.

दिव्यांच्या खोक्यावर 'केल्विन'मध्ये एक आकडा छापलेला असतो, तो प्रकाशाचा रंग सांगण्यासाठी. एखादी आदर्श काळी वस्तू किती केल्विनला तापवली असता तसा प्रकाश देईल, तो हा आकडा. जुना तारेचा दिवा २७००-२८०० केल्विनच्या आसपास, दुपारचं ऊन साधारण ५५००, ढगाळ आभाळ ६५०० च्या आसपास, आणि स्वच्छ निळ्या आभाळाचा प्रकाश १०,००० किंवा त्याहूनही वर. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. ('थंड' प्रकाशाचं तापमान जास्त आणि 'उबदार' प्रकाशाचं कमी, हे ऐकून मुलं हटकून हसतात. हसू द्यावं आणि मग लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवायला सांगावं.)

करडी भिंत स्वतःचं काही फारसं बोलत नाही. जो प्रकाश पडेल तोच परत पाठवते. त्यामुळे लाल भिंतीपेक्षा करड्या भिंतीवर प्रकाशाचा रंग फार लवकर उघडा पडतो.

उत्तरेच्या प्रकाशाबद्दल रंगकामाच्या परदेशी पुस्तकांत जे लिहिलेलं असतं ते मात्र आपल्याकडे जसंच्या तसं घेऊ नये. युरोपात दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे १७ अंशांवर, मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत उत्तरेच्या खिडकीत डोकावू शकतं. अर्थात त्यातला मोठा काळ आपल्याकडे ढगांचा असतो, ही गोष्ट वेगळी. तेव्हा खिडकीची दिशा पाहाच, पण महिनाही पाहा. आम्ही रंग लावला फेब्रुवारीत, स्वच्छ आभाळाखाली.

आणि कार्ड पाहिलं होतं कुठे? दक्षिणेच्या व्हरांड्यात, ऊन उतरल्यावर, समोर जांभ्याचं लालभडक पटांगण. त्या पटांगणावरून उसळून आलेला तांबूस प्रकाश आमच्या टेबलावर पडत होता. करड्यातला निळेपणा त्या तांबूस प्रकाशाने झाकून टाकला होता आणि पलीकडच्या चौकोनाचा मात्र थोडासा उरला होता. निम्मी फसगत तिथेच झाली होती.

भिंती एकमेकींना रंगवतात

मला सगळ्यात आवडलेलं कारण हे, कारण ते वर्गात गणित घालून दाखवता येतं.

हातातल्या कार्डावर प्रकाश पडतो, एकदा परावर्तित होतो आणि डोळ्यात येतो. खोलीत तसं होत नाही. एका भिंतीवरून निघालेला प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून तिसरीवर, तिथून परत पहिलीवर. प्रत्येक उडीला भिंत त्याच्यावर आपला कर बसवते.

समजा, आपला रंग निळा प्रकाश ६० टक्के आणि लाल प्रकाश ५० टक्के परत पाठवतो. एका परावर्तनानंतर निळ्याचं लालशी प्रमाण ६० : ५०, म्हणजे १.२. दोन परावर्तनांनंतर ३६ : २५, म्हणजे १.४४. तीननंतर २१.६ : १२.५, म्हणजे सुमारे १.७३. प्रत्येक उडीला प्रकाश कमी होतो, पण जो उरतो तो अधिकाधिक निळा असतो.

आता सगळ्या उड्या मिळवू. खोली आतून संपूर्ण एकाच रंगाची, बंद पेटीसारखी आहे असं धरलं, तर भिंतींवरून निघणारा एकूण निळा प्रकाश ०.६ + ०.३६ + ०.२१६ + ... आणि लाल ०.५ + ०.२५ + ०.१२५ + ... ही भूमितीय श्रेढी आहे. निळ्याची बेरीज ०.६ ÷ ०.४ = १.५ आणि लालची ०.५ ÷ ०.५ = १. म्हणजे कार्डावर १.२ असलेलं प्रमाण पेटीच्या आत १.५ झालं!

हेच गडद करड्यासाठी करून पाहा. निळा १२ टक्के, लाल १० टक्के. कार्डावरचं प्रमाण तेच, १.२. पेटीत मात्र ०.१२ ÷ ०.८८ आणि ०.१० ÷ ०.९०, प्रमाण येतं सुमारे १.२३. जवळजवळ काहीच बदल नाही. गडद भिंत प्रकाशाला दुसरी-तिसरी उडी मारूच देत नाही.

आणि अगदी फिका, जवळजवळ पांढरा रंग घेतला तर? निळा ८५, लाल ८०. कार्डावरचं प्रमाण फक्त १.०६, अशा चौकोनाला कोणी निळा म्हणणार नाही. पेटीत ०.८५ ÷ ०.१५ आणि ०.८० ÷ ०.२०, म्हणजे सुमारे ५.६७ आणि ४. प्रमाण १.४२. कार्डावर 'पांढरा' म्हणून घेतलेला रंग खोलीत निळा का दिसतो, याचं उत्तर या दोन भागाकारांत आहे. रंग जितका उजळ, तितकी त्याची झाक खोलीत जास्त फुगते.

खरी खोली अशी पेटी नसते. छत पांढरं असतं, फरशी वेगळी असते, खिडकीतून प्रकाश बाहेर निघून जातो, कपाटं काही प्रकाश गिळतात. त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम या आकड्यांपेक्षा कमी येतो. पण दिशा हीच असते.

मुलांना हे दाखवायला खोली रंगवावी लागत नाही. पुठ्ठ्याच्या एका लांब पट्टीला फिका निळसर रंग द्या, वाळल्यावर मध्यभागी दुमडून रंगाची बाजू आत येईल असा उघड्या पुस्तकासारखा कोन करा आणि कोन हळूहळू मिटवत आणा. घडीच्या आतल्या भागात रंग अधिक गहिरा, अधिक निळा होत जातो. शेजारी त्याच रंगाची सपाट पट्टी ठेवली की फरक लगेच दिसतो. गुलाबी किंवा पिवळ्या कार्डशीटनेही प्रयोग छान होतो.

तिसरा गुन्हेगार डोळ्याच्या मागे

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा विणीव चित्रपडद्यांचा प्रसिद्ध कारखाना आहे. १८२४ साली तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्यांच्याकडे एक तक्रार आली : निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणण्यासाठी वापरलेला काळा धागा पुरेसा काळा नाही. शेव्रल यांनी तो धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंगाईत काहीच दोष नव्हता. दोष शेजाराचा होता. निळ्या-जांभळ्याच्या सहवासात काळा फिका पडत होता. यातून त्यांनी शेजारच्या रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. (हे गृहस्थ १०२ वर्षं जगले.)

धाग्याची तक्रार आली तेव्हा शेव्रल यांनी रंगाऱ्याचे पैसे अडवले नाहीत, आधी धागे ताडून पाहिले. हे वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

नियम असा, की प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या पूरक रंगाची झाक टाकतो. करड्यावर हा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो, कारण त्याला स्वतःचा रंगच नसतो. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापून एक पिवळ्या-नारिंगी कार्डशीटवर आणि एक निळ्यावर ठेवा. पहिला निळसर दिसेल, दुसरा पिवळट. मुलं पैज लावायला तयार होतात की कागद वेगळे आहेत. आमच्या ग्रंथालयात भिंतीला लागून सागवानी कपाटांची रांग आहे, पॉलिश केलेली, नारिंगीकडे झुकणारी. म्हणजे कार्डशीटवरचा हा प्रयोग आम्ही मोठ्या आकारात मांडूनच ठेवला होता.

उजळपणाचंही तसंच. शेडकार्डावर प्रत्येक चौकोनाभोवती पांढरी पट्टी असते. पांढऱ्याच्या शेजारी करडा जरा गडद वाटतो. भिंतीवर ती पट्टी नसते, त्यामुळे तोच रंग अपेक्षेपेक्षा उजळ वाटतो.

डोळ्याची आणखी एक सवय : तो भोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेतो. पिवळ्या दिव्याखाली वहीचा कागद आपल्याला पांढराच वाटतो, हे या सवयीमुळे. पण जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि ते कधीच पूर्ण होत नाही. लालसर पटांगणातून थेट ग्रंथालयात शिरलेल्या माणसाला खोली फारच निळी दिसते. आत बसून तासभर वाचणाऱ्याला तितकी नाही. आम्ही चौघे पटांगण ओलांडूनच आत आलो होतो, आणि दाराशी उभं राहूनच निकाल दिला होता.

मग खरं काय हे ठरवायचं कसं? काऊंट रम्फर्ड यांनी १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात याची युक्ती आहे. त्यांनी दिवसाचा प्रकाश आणि मेणबत्ती अशा दोन उजेडांत पडणाऱ्या सावल्या पाहिल्या. एक पिवळी, दुसरी सुंदर निळी. मग नळीतून फक्त सावलीच दिसेल, भोवतालचं काही दिसणार नाही, अशा रीतीने पाहिलं तेव्हा काही सावल्यांचा रंग नाहीसा झाला. तो शेजाराने दिलेला होता. संध्याकाळी खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर पेन्सिल उभी करून, दुसऱ्या बाजूला मेणबत्ती लावून हा प्रयोग जरूर करा. आणि भिंतीचा रंग पाहायचा असेल तर काळ्या कागदाची नळी करून तिच्यातून पाहा. आमच्या भिंतीचा निळेपणा नळीतून कमी झाला, पण गेला नाही. म्हणजे काही भाग डोळ्याचा होता आणि काही खराच प्रकाशाचा.

२०१५ च्या फेब्रुवारीत एका झग्याच्या छायाचित्राने जगभर वाद घातला होता, तो पुष्कळांना आठवत असेल. कोणाला तो निळा-काळा दिसे, कोणाला पांढरा-सोनेरी. झग्यावर पडलेला प्रकाश कोणता, याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू आपल्या परीने करत होता. झगा खरोखर निळा-काळा होता.

डब्यात काय असतं?

करडा म्हणजे पांढरा अधिक काळा, असं आपण म्हणतो. पण कोणता काळा? दिव्याच्या काजळीपासून केलेला काळा पांढऱ्यात मिसळला तर करड्याला निळसर झाक येते. हाडं जाळून केलेला काळा तपकिरीकडे झुकतो. दुकानातल्या यंत्रात टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या रंगात काळ्याचे काही थेंब सोडतात आणि ही झाक मारण्यासाठी पिवळ्या किंवा तांबड्या लोह-ऑक्साइडचे एक-दोन. लिटरभराच्या डब्यात एक थेंब इकडेतिकडे झाला तरी करड्याचं घराणं बदलतं. म्हणून खोलीला लागणारे सगळे डबे आधी एका मोठ्या पिंपात ओतून ढवळून घ्यावेत, मग ब्रश बुडवावा. काका हे नेहमीच करतात. मला त्याचं कारण नंतर कळलं.

दोन करडे वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असूनही दिवसा हुबेहूब सारखे दिसू शकतात. डोळ्यात रंगाची दखल घेणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या आहेत; त्या तिघींना सारखाच संदेश गेला की रंग सारखा. पण दिवा बदलला की ही जुळणी मोडते. एलईडीचा पांढरा प्रकाश सूर्यप्रकाशासारखा सलग नसतो : ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका, त्यापुढे खाच, मग पिवळ्याभोवती पसरलेला डोंगर. दिवसा जुळलेले दोन करडे या दिव्याखाली वेगळे निघू शकतात. जुन्या सीडीच्या तुकड्यावर एलईडी आणि तारेचा दिवा यांचं प्रतिबिंब पाडून त्यांचे वर्णपट ताडून पाहिले, तर हे मुलांना प्रत्यक्ष दिसतं.

आणि आपली नीळ! चुन्याच्या सफेदीत नीळ घालायची रीत घरोघर होती. चुना किंचित पिवळट असतो. नीळ तो पिवळेपणा खाऊन टाकते. एकूण प्रकाश खरं तर थोडा कमीच परत येतो, म्हणजे भिंत काटेकोर अर्थाने करडी होते, पण डोळ्याला ती अधिक पांढरी वाटते. जरा जास्त पडली की निळसर करडी. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. फ्रान्समध्ये गिमे यांनी १८२८ साली ती कारखान्यात बनवण्याच्या कृतीबद्दल बक्षीस मिळवलं. ती चुन्यात टिकते कारण तिला अल्कली बाधत नाही. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही. उलट अल्ट्रामरीनला आम्ल चालत नाही. चिमूटभर निळीवर लिंबू पिळून ठेवा, रंग उडतो आणि सडक्या अंड्याचा किंचित वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. प्रयोग उघड्या खिडकीपाशी आणि चिमूटभरच निळीचा करावा.

ओल्या भिंतीवरून निकाल देऊ नये, हेही काकांचंच. चुना ओला असताना जवळजवळ दिसतच नाही आणि वाळताना पांढरा होत जातो. चुन्याच्या कणांचा अपवर्तनांक सुमारे १.६, पाण्याचा १.३३, हवेचा १. कणांभोवती पाणी असतं तोवर फरक कमी, म्हणून विकिरण कमी. पाणी जाऊन हवा आली की विकिरण वाढतं. हल्लीच्या पाण्यात मिसळायच्या प्लास्टिक इमल्शनचं मात्र उलटं असतं. त्यातलं बंधक द्रव्य ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे हा रंग वाळताना थोडा गडद होतो.

दुसरी खोली

पुढच्या वर्षी शेजारची दृक्-श्राव्य खोली रंगवायची होती. तिच्याही खिडक्या उत्तरेला. या वेळी कार्डावर विसंबलो नाही. काकांकडून तीन छोटे डबे आणवले आणि वर्तमानपत्राच्या पानाएवढ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून घेतले. पहिला ग्रंथालयातला करडा. दुसऱ्यात पिवळ्या ऑक्साइडचा अंश. तिसऱ्यात पिवळ्याबरोबर थोडा तांबडाही. एका वेळी एकच पुठ्ठा खोलीत टांगायचा, बाकीचे दोन बाहेर ठेवायचे, हा नियम केला. कारण तिन्ही शेजारी ठेवले की आपण फक्त त्यांच्यातला फरक पाहतो, खोलीत एकटा रंग कसा दिसेल ते नाही. नववीच्या मुलांनी सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि दिवे लावल्यावर अशा नोंदी आठवडाभर केल्या. भिंतींच्या एकमेकींना रंगवण्याचा परिणाम पाहायला पुठ्ठा सपाट भिंतीवर न लावता कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्यावर दुमडून लावला.

उजळपणाबद्दलही मुलांनी नोंद केली, आणि ती वर्गखोल्यांसाठी महत्त्वाची आहे. मन्सेलच्या मोजपट्टीवर ८ क्रमांकाचा करडा सुमारे ५९ टक्के प्रकाश परत पाठवतो, ६ क्रमांकाचा फक्त ३०. कार्डावर दोन पायऱ्यांचा फरक किरकोळ वाटतो. फळ्याकडे पाहणाऱ्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला तो किरकोळ नसतो. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या वर्गाला करडा देऊच नये. पडदा लावून चित्रं दाखवायच्या खोलीला मात्र तो योग्य, कारण तो पडद्यावरच्या रंगांत ढवळाढवळ करत नाही. छापखान्यांत आणि कापडगिरण्यांत रंग तपासण्याची जागा याच कारणाने साध्या करड्या रंगाची असते.

व्हरांड्यात तिसरा पुठ्ठा पाहून मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "हा कसला करडा? हा तर ओल्या मातीचा रंग." खोलीच्या कोपऱ्यात मात्र चारही वेळा तोच सगळ्यांत साधा करडा दिसला, फक्त दिव्यांखाली किंचित गुलाबी. पहिला दिवसभर निळा होता. दुसरा दुपारी करडा आणि संध्याकाळी हिरवट. निळ्या प्रकाशात पिवळं मिसळलं की हिरव्याकडे जाणार, हे आधी सुचायला हवं होतं! तिसरा घेतला.

ग्रंथालय पुन्हा रंगवायला पैसे नव्हते. काकांनी सुचवलं म्हणून तिथले ६५०० केल्विनचे दिवे काढून ४००० चे लावले. संध्याकाळी खोली आता बरीचशी करडी दिसते. दिवसा ती निळीच आहे, आणि मुलं तिला 'निळी खोली' म्हणतात. कार्डावर त्या रंगाचं नाव काय होतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.